साखर सोडू की रस? यकृताच्या हिशेबाने एक तुलना

पोटात खडा आहे का हे बघायला दादा सोनोग्राफीला गेला. खडा नव्हता. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत मात्र ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असं छापून आलं. पाठोपाठ रक्ततपासणी झाली: ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या रक्तातल्या साखरेचा अंदाज) ६.१, युरिक ॲसिड काठावर. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, वय ५६. दारूला शिवत नाही, तळणही बेतानेच. त्यामुळे यकृतावर चरबी ही बातमी त्याला शेजाऱ्याचं टपाल आपल्या दारात पडल्यासारखी वाटली.

महिन्याभराने त्याचा फोन. “अगं, साखर पूर्ण बंद केली. चहात गूळ, सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू, फिरून येताना रसवंतीवर एक ग्लास, आणि रात्री तुझी वहिनी मोसंबीचा रस काढून देते. सगळं नैसर्गिक. आता अजून काय सोडू?”

मी डॉक्टर नाही. ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात हयात गेली, आणि ओट्यावर वजनकाटा ठेवायची खोड तिथलीच. त्याला म्हटलं, सोडायचं नंतर बघू, आधी काय धरलंयस ते मोजू.

वहिनीच्या भाषेत गूळ ‘चमचाभर’. माझ्याकडे तसाच चमचा भरून काट्यावर ठेवला तर किसलेला गूळ १० ग्रॅम भरला. तीन कप चहा म्हणजे ३० ग्रॅम गूळ, त्यात साधारण २७ ग्रॅम साखर. मधाचा एक मोठा चमचा म्हणजे १७ ग्रॅम साखर. रसवंतीचा ग्लास, बर्फ वजा करून, ३० ग्रॅमच्या आसपास. मोसंबीच्या मोठ्या ग्लासात २०. बेरीज ९४ ग्रॅम. साखर ‘सोडण्याआधी’ तो तीन कप चहात दीड-दीड चमचा साखर घेत होता, म्हणजे जेमतेम २२-२३ ग्रॅम.

या ९४ ग्रॅमपैकी एक कणही त्याने चावून खाल्लेला नव्हता. सगळं पेल्यातून गेलं होतं. पुढची सगळी तुलना या एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून ती आधीच सांगून टाकली.

नाका चुकवणारी साखर

आपण जिला साखर म्हणतो ते सुक्रोज. त्याचा एक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी, अर्धं-अर्धं. फ्रुक्टोजला आपल्याकडे फलशर्कराही म्हणतात, आणि या गोंडस नावाने बराच घोळ घातला आहे. दोघांचं रेणुसूत्र सारखंच: ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. फरक मांडणीचा. पण शरीरात शिरल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

ग्लुकोज रक्तातून सगळीकडे फिरतं. मेंदू घेतो, स्नायू घेतात, इन्सुलिन त्याची वाटणी बघतं. यकृतातही ग्लुकोजच्या विघटनावर एक पहारा आहे, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाच्या एन्झाइमचा. पेशीत ऊर्जा पुरेशी असली की हा पहारा कडक होतो आणि पुढची गाडी मंदावते. जुन्या जकात नाक्यासारखं समजा: शहरात माल भरपूर असला की ट्रक नाक्यावरच खोळंबायचे.

फ्रुक्टोज हा नाका चुकवून मागच्या रस्त्याने येतं. त्याला उतरवून घेणारं एन्झाइम वेगळं, फ्रुक्टोकायनेज, आणि त्याला ‘आता पुरे’ हा निरोप पोचत नाही. जेवढं येईल तेवढं ते झपाट्याने आत घेतं. या घाईचे दोन परिणाम होतात. एक, जास्तीच्या मालातून यकृत चरबी तयार करतं. त्यातली थोडी तिथेच साठते, थोडी ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात सोडली जाते. दोन, या कामात पेशीतलं एटीपी, म्हणजे तिचं ऊर्जेचं चलन, भराभर खर्ची पडतं आणि त्याच्या मोडतोडीतून युरिक ॲसिड बनतं. दादाच्या रिपोर्टमधल्या तीन वेगवेगळ्या वाटणाऱ्या ओळी, म्हणजे चरबी, ट्रायग्लिसराइड आणि युरिक ॲसिड, एकाच रस्त्यावरची गावं असू शकतात. फॅटी लिव्हर म्हटलं की घरात पहिली गदा तुपावर येते. यकृत मात्र साखरेपासूनही चरबी करतं, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

पण इथेच थांबलं तर फळंही गुन्हेगार ठरतील. म्हणून आतड्याचं सांगायला हवं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या गटाने २०१८ साली उंदरांवर दाखवलं की थोडं फ्रुक्टोज खाल्लं तर लहान आतडंच त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास निस्तरतं, त्याचं ग्लुकोज वगैरे करून पुढे पाठवतं. मात्रा मोठी झाली की आतड्याची क्षमता संपते आणि उरलेलं यकृतावर जाऊन आदळतं. माणसाचं आतडं म्हणजे उंदराचं नव्हे, तरी तर्क लक्षात ठेवण्यासारखा आहे: किती आलं, यापेक्षाही किती वेळात आलं.

एका नजरेत

खालचे आकडे ढोबळ आहेत. फळाचा वाण, पिकलेपण, ग्लासाचा आकार यांप्रमाणे ते पुढेमागे होतील. फ्रुक्टोजच्या रकान्यात सुक्रोजमधला अर्धा वाटाही धरला आहे.

| पदार्थ | नेहमीचं प्रमाण | एकूण साखर (ग्रॅम) | त्यातलं फ्रुक्टोज (ग्रॅम) | तंतू, म्हणजे फायबर (ग्रॅम) |
|---|---|---|---|---|
| साखर | २ छोटे चमचे (१० ग्रॅम) | १० | ५ | ० |
| गूळ | १० ग्रॅम | ९ | ४ ते ५ | ० |
| मध | १ मोठा चमचा | १७ | ८ ते ९ | ० |
| उसाचा रस | १ ग्लास | ३० | १५ | ० |
| कोल्ड्रिंक | ३०० मिली | ३२ | १६ | ० |
| सफरचंद | १ मध्यम | १९ | १२ | ४ |
| केळं | १०० ग्रॅम गर | १२ | ६ | २.६ |
| पेरू | १०० ग्रॅम | ९ | ४ ते ५ | ५ |
| हापूस | १५० ग्रॅम गर | २० | १२ | २ ते २.५ |
| खजूर | ३ लहान | १५ | ७ | २ |

तक्ता पाठवल्यावर दादाचा मेसेज पाच मिनिटांत आला: “सफरचंदात दोन चमचे साखरेच्या दुपटीहून जास्त फ्रुक्टोज? मग डॉक्टर सफरचंद खा का म्हणाले?”

प्रश्न बिनतोड होता. उत्तराला मात्र थोडा वेळ लागतो. तिकडे येण्याआधी तीन भावंडांचं भांडण मिटवू.

साखर, गूळ, मध

या तिघांत आरोग्याच्या दृष्टीने फरक किती? माझं उत्तर: चिमूटभर.

गूळ हा मुळात उसाचा रस आटवून केलेला. त्यात सुक्रोज बहुतांश, थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज सुटं झालेलं, ओलावा आणि खनिजं. कोल्हापूरच्या गुऱ्हाळावर मी काहिलीशेजारी उभं राहून बघितलंय: रस उकळायला लागला की रानभेंडीच्या खोडाचं बुळबुळीत पाणी टाकतात, मळी वर येते, ती झाऱ्याने काढतात, आणि शेवटी वाफ्यात ओतलेला पाक हलवता हलवता घट्ट होतो. त्या वासाला तोड नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही. पण यातल्या कुठल्याही पायरीवर फ्रुक्टोज बाहेर पडत नाही.

“गुळात लोह असतं.” असतं. पण १० ग्रॅम गुळातून मिळणार अर्धा-एक मिलीग्रॅम, आणि भारतीय बाईची रोजची गरज २९ मिलीग्रॅम. गुळातून ती भागवायची तर ढेपेलाच हात घालावा लागेल. पिवळाधमक गूळ बघून हुरळूनही जाऊ नका. रंग उजळायला हायड्रॉस नावाचं रसायन वापरण्याची चाल आहे. काळपट गूळ त्या मानाने बरा. पण हा प्रश्न शुद्धतेचा झाला, यकृताचा नव्हे.

गुळाची खरी अडचण वेगळीच आहे. तो ‘चांगला’ म्हणून हात सैल सुटतो. साखरेच्या दीड चमच्याला कचरणारा माणूस गुळाचा खडा मोजत नाही. दादाचं तेच झालं. कपामागे साखरेचे साडेसात ग्रॅम गेले, गुळाचे १० आले, आणि वर समाधान फुकट.

मधात फ्रुक्टोज ३८ टक्क्यांच्या आसपास, ग्लुकोज ३१ च्या, बाकी बरंचसं पाणी. म्हणजे या तिघांत फ्रुक्टोजचा वाटा ग्लुकोजपेक्षा जास्त असलेला हा एकटाच. बरणीत साखरेसारखे खडे धरले की लोक मध बनावट म्हणून टाकून देतात; खरं तर ज्या मधात ग्लुकोजचं प्रमाण जास्त तो लवकर रवाळ होतो, इतकंच. उलट वर्षभर पातळ राहिलेला मध म्हणजे शुद्धतेचा दाखला नव्हे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२० मध्ये बाजारातले मध तपासले तेव्हा बहुतेक ब्रँडमध्ये साखरेच्या पाकाची भेसळ निघाली होती. महाबळेश्वरजवळच्या मांघरसारख्या ‘मधाच्या गावा’तून आणलेला असेल तर चव बघून डोळे मिटतील. पण सकाळी कोमट पाण्यात घातल्यावर त्याने चरबी ‘वितळते’ ही समजूत सोडून द्या. मोठा चमचाभर मध म्हणजे साडेतीन छोटे चमचे साखर, तीही उपाशीपोटी. घशाला आराम पडावा म्हणून अर्धा चमचा चाटलात तर माझं काही म्हणणं नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको. त्यात बॉट्युलिझम या जिवाणूंमुळे होणाऱ्या विषबाधेचा धोका असतो.

काकवीचं वेगळं काही लिहायला नको. पातळ गूळच तो. भाकरीबरोबर मला फार आवडते, म्हणून तिचं प्रमाण मी माझ्यापुरतं गुलदस्त्यात ठेवते.

फळ आणि रस: खरी झुंज इथे आहे

आता दादाच्या प्रश्नाकडे. सफरचंद खायला किती वेळ लागतो? घड्याळ लावून बघा, सहा-सात मिनिटं तरी. तेवढा वेळ दात चालतात, पोट भरत जातं, गराच्या पेशींच्या भिंतीत अडकलेली साखर हळूहळू सुटते, तंतू तिला आणखी रेंगाळवतात. बारा ग्रॅम फ्रुक्टोज आतड्यात शिरतं ते मुंगीच्या रांगेसारखं. दुसरं सफरचंद खावंसं वाटत नाही. मिठाईच्या डब्याबद्दल असं म्हणता येत नाही.

मोसंबीचा एक मोठा ग्लास भरायला तीन फळं लागतात. ती सोलून, फोडी करून, बिया काढून खायला बसलात तर दुसऱ्या फळालाच कंटाळाल. रस मात्र अर्ध्या मिनिटात संपतो आणि वर जेवणही पूर्ण होतं, कारण पातळ साखरेने पोट भरल्याची जाणीव फारशी होत नाही. चोथा वहिनीने कुंडीत टाकलेला असतो. फळातली जी गोष्ट यकृताच्या बाजूने होती, ती तुळशीला गेली.

अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्यसेवकांचे तीन मोठे गट, मिळून जवळपास १ लाख ८७ हजार माणसं, वर्षानुवर्षं अभ्यासून २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आले. अख्खी फळं, त्यातही ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद, जास्त खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेह कमी दिसला. फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत तो जास्त दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. फळं खाणारी माणसं इतर बाबतीतही नेटकी असतात, हे धरूनच तो वाचावा. तरी एकाच झाडाच्या दोन वस्तूंची दिशा उलटी असावी, हे बोलकं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली ‘मुक्त साखर’ हा शब्द याच कारणाने वापरला. त्यात साखर, गूळ, मध, पाक आणि फळांचा रसही आला. अख्खं फळ आणि दूध आलं नाही. मर्यादा: दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ च्या आत. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. दादा ९४ वर होता.

रसवंतीवाल्यांचा रोष ओढवून सांगते, उसाचा रस हा या यादीत कोल्ड्रिंकच्या शेजारीच बसतो. आलं-लिंबू घातलंत, लाकडी घाण्याला घुंगरू बांधलेत, तरी ग्लासात साखर ३० ग्रॅमच. फरक एवढा की कोल्ड्रिंक कपाटात पडून असतं आणि रसवंतीपर्यंत चालत जावं लागतं. उन्हात दिवसभर कोयता चालवणाऱ्या ऊसतोड कामगाराने तो प्यायला तर त्याचे स्नायू ती साखर जाळतात. वातानुकूलित ऑफिसातून उतरून लिफ्टपर्यंत चाललेल्या माणसाला तोच न्याय लावता येत नाही. लांब पल्ल्याच्या धावपटूंना तर ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण मुद्दाम देतात: दोघांना आतड्यातून आत नेणारी दारं वेगळी, त्यामुळे तासाला ६० ऐवजी ९० ग्रॅमपर्यंत कर्बोदकं वापरता येतात. तीच वस्तू, पण शरीर कुठल्या कामात आहे यावर तिचं ओझं ठरतं.

पाकीटबंद रसाबद्दल थोडक्यात. ‘नो ॲडेड शुगर’ याचा अर्थ वरून घातली नाही, इतकाच, आतली तशीच. घट्ट केलेल्या रसात पाणी मिसळून विकलेल्या डब्यांवर ‘१०० टक्के फळांचा रस’ लिहू नका, असं एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं. आंब्याचं चित्र असलेलं पेय हे बरंचसं साखरपाणीच असतं. मागची यादी वाचा, पाण्यानंतर काय येतं ते बघा. बिस्किटांवर ‘इन्व्हर्ट सिरप’ दिसेल. ती साखरच, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटं करून ठेवलेली.

आमरसाचं काय करायचं

हा प्रश्न मराठी घरात टाळून पुढे जाता येत नाही. आमरस फळ की रस?

मी दोन्ही बाजूंनी विचार केला. गर तसाच असतो, चोथा फेकला जात नाही, म्हणून तंतूंच्या हिशेबाने तो फळाकडे झुकतो. पण चावणं संपलेलं, पेशी फुटलेल्या, वाटी तोंडाला लावली की संपते, म्हणून वेगाच्या हिशेबाने रसाकडे. वर पुरी, आणि ‘थोडासा आंबट निघाला’ म्हणून दोन चमचे साखर. शिवाय आमरसाची वाटी कधीच एक नसते. आग्रह करणाऱ्या आत्या हयात आहेत तोवर नसेलच.

माझा निकाल: आंबा खायचा तर फोडी करून किंवा चोखून. एका बैठकीला एक हापूस, जेवणानंतर डेझर्ट म्हणून नव्हे तर जेवणातल्या पोळी-भाताचा वाटा कमी करून. आमरस मोसमात चार-पाच वेळा, बिनसाखरेचा, एक वाटी. मधुमेह असेल तर खाल्ल्यावर दोन तासांनी स्वतःच्या ग्लुकोमीटरवर बघून ठरवा. आंब्याने प्रत्येकाची साखर सारखी चढत नाही.

ग्लुकोमीटरला न दिसणारी वस्तू

हा जिन्नस मात्र फसवा आहे. शुद्ध फ्रुक्टोजची पावडर किंवा अगेव्ह (घायपाताच्या जातीची वनस्पती) सिरप ‘लो जीआय’, ‘डायबेटिक फ्रेंडली’ म्हणून विकतात. शब्दशः ते खोटं नाही. ग्लुकोजचा ग्लायसेमिक इंडेक्स (जीआय, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातलं ग्लुकोज किती चढतं त्याचं माप) १०० धरला तर साखरेचा ६५ च्या आसपास, आणि फ्रुक्टोजचा २० च्या आगेमागे. पण कारण काय? ग्लुकोमीटर फ्रुक्टोज मोजतच नाही. चोर मागच्या दाराने गेला आणि पुढच्या दाराच्या वहीत नोंद नाही, म्हणून चोरी झाली नाही असं म्हणण्यासारखं हे आहे. अगेव्हच्या पाकात साखरेपैकी ७० ते ९० टक्के फ्रुक्टोज असू शकतं. एकेकाळी मधुमेहींना फ्रुक्टोज सुचवलं जायचं. पुढे अमेरिकन डायबिटीस असोसिएशननेच रक्तातल्या चरबीवरच्या परिणामामुळे ते वरून घालू नका असं म्हटलं. साखर आणि अगेव्ह यांत निवडायचं झालं तर मी डोळे मिटून साखर घेईन, कमी घेईन.

अमेरिकेत राहणारी माझी भाची विचारते, तिकडच्या कॉर्न सिरपचं काय? शीतपेयांत वापरतात त्या प्रकारात ५५ टक्के फ्रुक्टोज, साखरेत ५०. फरक नावाला. तिकडे ते स्वस्त पडलं म्हणून सगळीकडे शिरलं, हा खरा प्रश्न. आणि आपल्याकडची कोल्ड्रिंक उसाच्या साखरेची असतात म्हणून आपण सुरक्षित, हाही भ्रमच.

स्टीव्हिया, सुक्रालोज वगैरे गोळ्यांत फ्रुक्टोज नाही. चहापुरत्या वापरायला हरकत नाही, पण वजन उतरवण्यासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२३ चं मत आहे (आधीच मधुमेह असलेल्यांना ते लागू नाही). मला विचाराल तर जीभच थोडी कमी गोडाला लावावी. तीन आठवडे पुरतात.

फ्रुक्टोज विष आहे का?

यूट्यूबवर दोन टोकं सापडतील: एकाच्या मते ते दारूइतकं घातक, दुसऱ्याच्या मते कॅलरी ती कॅलरी. प्रयोग काय सांगतात?

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात २००९ साली जाड माणसांना १० आठवडे दिवसाच्या उष्मांकाच्या २५ टक्के एवढी गोड पेयं दिली, एका गटाला ग्लुकोजची, दुसऱ्याला फ्रुक्टोजची. वजन दोघांचं सारखंच वाढलं. पण पोटाच्या आतली चरबी फ्रुक्टोजवाल्यांची वाढली आणि इन्सुलिनला त्यांचा प्रतिसाद मंदावला. २०२१ साली झुरिकमध्ये ९४ निरोगी, सडपातळ तरुणांना सात आठवडे रोज ८० ग्रॅम साखर पेयातून दिली. फ्रुक्टोज आणि साधी साखर घेणाऱ्यांच्या यकृतात चरबी तयार होण्याचा वेग दुपटीच्या घरात गेला. ग्लुकोज घेणाऱ्यांत तसं झालं नाही. हा ८० चा आकडा वाचून मी दादाचा ९४ पुन्हा एकदा बघितला.

उलट बाजूचा प्रयोग मला जास्त दिलासा देणारा वाटतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लठ्ठ मुलांच्या आहारातली साखर नऊ दिवस काढून तेवढ्याच कॅलरीचे पिष्टमय पदार्थ दिले. यकृतातल्या चरबीचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) ७.२ वरून ३.८ टक्क्यांवर आला. तुलनेला वेगळा गट नव्हता, ही त्यातली उणीव. तरी नऊ दिवस!

आणि दुसरा पक्ष: टोरोंटोच्या संशोधकांनी अनेक चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये मांडलं की एकूण कॅलरी तेवढ्याच ठेवून इतर कर्बोदकांच्या जागी फ्रुक्टोज दिलं तर फारसं बिघडत नाही, फळांतून आलं तर फायदाही दिसतो, नेहमीच्या जेवणावर जादा म्हणून, विशेषतः गोड पेयांतून आलं की बिघडतं. मला या दोन पक्षांत वाटतं तितकं वैर दिसत नाही. प्रयोगशाळेत कॅलरी मोजून देणारी ताई असते. घरी रस प्यायला म्हणून कुणी एक पोळी कमी खात नाही.

युरिक ॲसिडचं प्रकरण अधिक सरळ आहे. अमेरिकेतल्या ४६ हजारांवर पुरुषांच्या अभ्यासात, २००८ साली, रोज दोन किंवा जास्त साखरेची शीतपेयं पिणाऱ्यांना गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजून दुखण्याचा, धोका महिन्याला एकही न पिणाऱ्यांपेक्षा ८५ टक्क्यांनी जास्त दिसला. बिनसाखरेच्या पेयांशी असा संबंध सापडला नाही. ज्याचा पायाचा अंगठा रात्री ठणकतो त्याने डाळ बंद करायच्या आधी ग्लास बघावा.

आपल्या देशासाठी ही चर्चा हौशी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीने (आयसीएमआर-इंडियाब) २०२३ मध्ये मधुमेही १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख असल्याचं सांगितलं. दादा या दुसऱ्या आकड्यात बसतो.

एक वेगळी जमात राहिली: सफरचंद, कलिंगड, मध खाल्लं की ज्यांचं पोट फुगतं आणि गुरगुरतं. त्यांच्या आतड्यात फ्रुक्टोज नीट शोषलं जात नाही. त्यांनी यकृताची चिंता न करता फळ बदलून बघावं. केळं, संत्रं बहुतेकांना सोसतं. तान्ह्या बाळाला फळ किंवा साखर सुरू केल्याबरोबर उलट्या आणि ग्लानी येत असेल तर मात्र थेट डॉक्टरांकडे. क्वचित तो जन्मजात एन्झाइमचा दोष असतो.

दादाचं काय ठरलं

फॅटी लिव्हर, वाढलेले ट्रायग्लिसराइड किंवा युरिक ॲसिड असलेल्या बैठ्या माणसाने कशाला आधी हात घालावा, याचा माझा क्रम असा: पहिल्यांदा कोल्ड्रिंक आणि उसाचा रस, मग घरचा फळांचा रस, मग मध-पाणी, मग बिस्किटं, आणि चहातली साखर शेवटी. फळांना हात लावूच नये, दिवसाला दोन-तीन ठीक. पेरू, पपई, संत्रं घरात असताना खजुराच्या मागे लागू नये. ज्याच्या शुगरवर इन्सुलिन चालू आहे त्याने हे सगळं आपल्या डॉक्टरांना विचारून, आणि शुगर अचानक उतरली तर ग्लुकोज किंवा साधी साखरच घ्यावी; तिथे नुसतं फ्रुक्टोज कामाचं नाही.

दादाने रसवंती आणि मध-लिंबू दोन्ही बंद केलं. मोसंबी आता सोलून खातो, एकच. चहात पुन्हा साखर आली आहे, कपाला अर्धा चमचा, आणि ती बघून वहिनीला अजूनही वाटतं की मी त्याला बिघडवलं. फेरतपासणी तीन महिन्यांनी आहे.

काल फोनवर म्हणाला, “होळीला पुरणपोळीत तरी गूळ चालेल ना, की तिथेही साखर?”

म्हटलं, दादा, साखरेची पुरणपोळी माझ्या पानात वाढू नकोस. यात तब्येतीचा काही संबंध नाही.